कुवेतचा रस्ता

विक्कीच्या मोबाईलची मले शिसारी आहे. हो, शिसारीच. गोठ्यात मेलेली घूस सापडली की येते, तशी. तुम्ही म्हणान, अंजनाबाई, मोबाईलनं तुमचं काय घोडं मारलं? ऐका मंग.

माहा भाऊ वामन. आमचं गाव आलापल्लीच्या अलीकडं, डांबरी सडक सोडून आत. घरी धानाची शेती, वामन ग्रामपंचायतीचा मेंबर, अन् मेंबर झाल्यापासून मान अशी ताठ की मांग वळून पायता येत नाई. त्याची बायको कमळा, गरीब गाय. धाकटी पोरगी दिव्यानी, बीएस्सी झाली, आलापल्लीत पोरांच्या शिकवण्या घेते. मी नवरा गेल्यापासून भावाकडंच राह्यते. पण फुकटची खात नाई बरं. रोवणा, निंदण, चुरणा, सारं करते, अन् वरून तोंडही चालवते.

आमच्या घरची एक रीत आहे. पोरगी द्यायच्या आधी पोरीची आत्या रस्ता पाहून येते. म्हणजे काय, तं पोराच्या घरी जायचं, पण जीपनं-बिपनं नाई. पोरगी उद्या एकटी जशी येईन-जाईन, तसंच जायचं. एसटी तं एसटी, पायी तं पायी. तिथी रांजणातलं पाणी प्यायचं, चुलीजवळ घडीभर बसायचं, अन् सांजच्याला त्याच रस्त्यानं मांग यायचं. जाणं कोणालेही जमते, बाप्पा. आत्यानं येणं पायचं असते. पोरगी नवऱ्यासंग भांडली, बाप बिमार पडला, पोटात लेकरू राह्यलं, तं तिले माहेरी येता येईन का, एवढंच आत्यानं घरी येऊन सांगायचं. दिव्यानीच्या मोठ्या बहिणीचा, रिनाचा, रस्ता मीच पाह्यला. आज ती मूल गावाजवळ सुखात आहे, अन् दर पोळ्याले दारात उभी राह्यते.

तं झालं असं, दिव्यानीले दोन स्थळं आले. पयलं एटापल्लीचं. गोपाल नावाचा पोट्टा, आश्रमशाळेत मास्तर. मी रस्ता पाहून आली. रस्ता वाईट, खोटं कायले बोलू. लोखंडाच्या मातीचे ट्रक धावून धावून सडकेची पार चाळणी झालेली, एसटीत डोस्कं छताले आपटलं. पण सांजच्याला मी घरी होती. त्याच्या मायनं, सोमारीबाईनं, मले परत जाताना बसमधी बसवून दिलं, अन् बस सुटेपर्यंत ती बाई उन्हात उभी होती. मी घरी येऊन सांगितलं, "रस्ता फुटका आहे, पण पोरगी मांग येते."

वामननं नाक मुरडलं. "एटापल्ली? जंगलात द्यू पोरगी? लोक काय म्हणतीन, मेंबरनं पोरगी अंदर टाकली."

जसा हा मोठा मुंबईत राह्यते!

अन् मंग विक्की आला. विक्कीचं आलापल्लीत मोबाईलचं दुकान आहे, अन् फावल्या वेळात तो लग्न जुळवते. तो स्थळ घेऊन आला कुवेतचं. पोट्टा आदेश, मायबाप नागपूरले, पोट्टा कुवेतले कोण्या कंपनीत सुपरवायझर. फोटोत काळा चष्मा लावून, दुसऱ्याच्या गाडीले टेकून उभा. वामनच्या तोंडाले पाणी सुटलं ते मी माह्या डोळ्यानं पाह्यलं.

मी म्हणलं, "रस्ता पायले कशी जाऊ मी कुवेतले? एसटी जाते का?"

तवा विक्कीनं तो मोबाईल काढला. बोटाले थुंकी लावून काच पुसली, शी, अन् माह्या नाकापुढं धरला. "आत्याबाई, रस्ता घरबसल्या पाहा."

त्यात नकाशा होता. निळ्या समुद्रावरून एक वाकडी रेघ गेलती. एका टोकाले लिहून होतं चंद्रपूर विमानतळ, दुसऱ्या टोकाले कुवेत विमानतळ. खाली अंतर तेहतीसशे किलोमीटर, अन् त्याच्या खाली मोठ्या अक्षरात, प्रवासाचा वेळ साडेचार तास.

"साडेचार तास!" वामन खाटेवरून उठलाच. "पाय बाई, पाय. अवं आपल्याले नागपूरले जायले याच्याहून जास्त लागते. एटापल्लीचा नाला भरला तं दिवस जाते. म्हणजे पोरगी कुवेतले राह्यली तं आपल्याले जवळ पडन!"

हा माणूस माहा सख्खा भाऊ आहे. तो पिऊन नव्हता. भर दुपारी, शुद्धीवर, चार माणसांत बोलून राह्यला होता. अन् चारही माणसं माना हलवून राह्यले होते. मले वाटलं, उठून साऱ्याइच्या डोस्क्यावर एक एक गंजभर थंड पाणी ओतावं.

"या रेघेवर पाणी कुठी मिळते?" मी विचारलं.

"काय?"

"रस्त्यात पाणी कुठी मिळते? थांबा कुठी आहे? रात्री-बेरात्री पोरगी एकटी निघाली तं बसन कुठी?"

विक्की हसला. "आत्याबाई, तुम्ही तं मजाकच करता. विमानात पाणी आणून देते, पोरी असतेत तिथी."

साऱ्याइले हसू आलं. कमळा तेवढी हसली नाई. ती आत गेली, अन् भांडे जोरानं आपटले. कमळाच्या अंगात तेवढंच बोलणं आहे.

त्या दिवशी सांजच्याला दिव्यानी माह्याजवळ येऊन बसली. मी सुपात तांदूळ पाखडत होती. ती खडे वेचू लागली.

"आत्या, मले कुवेतले नाई जायचं, असं नाई बरं," ती म्हणे. "लोक जातेत. मीबी जाईन. मास्तराचंही मले काई वाकडं नाई. फक्त तू एक पाय. मले मांग येता येईन का, एवढं पाय. तू हो म्हणलं तं हो. तू नाई म्हणलं तं मी बाबाच्या तोंडावर नाई म्हणन."

सांगा आता. पोरीनं आपला सारा जलम माह्या पदरात टाकला, अन् माह्याजवळ काय होतं? विक्कीच्या थुंकीनं पुसलेल्या काचेवरची एक रेघ.

पंधरा दिवसांनी फोन आला. आदेश सुट्टीवर येऊन राह्यला, रविवारी उतरते, उतरला की फोन करते. वामननं एवढंच ऐकलं. कोणत्या गावात उतरते, हे त्यानं विचारलं नाई. काऊन नाई विचारलं? तं विचारलं म्हणजे अडाणी दिसतो! मेंबर ना तो. अन् विक्कीनं मोबाईल पाहून सांगितलं, "काकाजी, चंद्रपूर विमानतळच ना. पानावर लिहूनच आहे."

पोरगा पोरगी पायले घरी येते, ही रीत. सोयरा पयल्यांदा येते तं गावाच्या शिवेवर कोणीतरी सामोरं जाते, हीबी रीत. पण वामनले शिव पुरली नाई, त्याले विमानतळावर जायचं होतं. जीप केली, झेंडूचा हात-हातभर जाड हार केला, पेढ्याचा डबा घेतला. मले म्हणते, "चाल बाई, तुले रस्ता पायचा होता ना? पाय आता डोळे भरून."

मी गेली. मले खरंच पायचा होता.

चंद्रपूरच्या पलीकडं, मोरव्याले, आम्ही पोचलो तवा ऊन चढलं होतं. तारेचं कुंपण, एक फाटक, अन् आत लांबलचक डांबरी पट्टा. कुंपणाले लागून म्हशी चरत होत्या. बाकी चिटपाखरू नाई. वामननं सदरा ओढून सरळ केला, हार हातावर घेतला, अन् फाटकाजवळच्या चौकीदाराले विचारलं, "कुवेतचं विमान किती वाजता लागते?"

चौकीदारानं आधी वामनकडं पाह्यलं. मंग हाराकडं पाह्यलं. मंग माह्याकडं.

"कुठचं म्हणले भाऊ?"

"कुवेतचं. कुवेत ते चंद्रपूर."

"भाऊ, इथी शिकाऊ पोरं बारके विमानं उडवतेत. नाईतं कोणी मंत्री उतरते. तिकिटाचं विमान इथी येत नाई."

विक्की मोबाईल घेऊन पुढं झाला. "अरे पण इथी लिहून आहे ना! अंतर आहे, वेळ आहे."

"अंतर तं असनच ना भाऊ," चौकीदार म्हणे. "अंतर कुठूनही कुठीही असते."

मले हसू यायले पाह्यजे होतं. आलं नाई. मले वीट आला. पन्नाशी उलटलेला माहा भाऊ, हातात पाच किलोचा हार घेऊन म्हशीसमोर उभा, अन् तरीही त्या विक्कीले विचारून राह्यला, "पुढच्या पानावर पाय ना, पुढच्या पानावर काई लिहून असन." तिथीच मले कळलं, याले पोरीसाठी रस्ता पायचा नव्हताच. याले गावात सांगायले एक आकडा पाह्यजे होता, अन् तो मिळाला होता.

तेवढ्यात फोन वाजला. आदेशची माय. वामननं आवाज मोठा केला, मलेबी ऐकू आला. आदेश मुंबईले उतरला, पण कुवेतचं विमान उशिरा सुटलं म्हणून नागपूरचं चुकलं, खुर्चीवर बसून आहे, उद्या पोचन. आधी एक दिवस कंपनीनं सुट्टीच्या कागदासाठी अडवला होता, तो वेगळाच. "प्रवासात फारच हाल झाले हो पोराचे," बाई म्हणाली.

"होते, होते," वामन म्हणे. "विमान म्हणजे असं होतेच." जसा हा दर आठवड्याले विमानानं बाजाराले जाते.

घरी येताना मी वामनले म्हणलं, "साडेचार तास झाले का रे?"

तो हारावर पाणी शिंपडत बसला. तो हार त्याले फेकवत नव्हता, पैसे पडले होते ना.

दुसऱ्या दिवशी आदेश नागपूरले पोचला. तिसऱ्या दिवशी आमच्याकडं येतो म्हणाला. आम्ही घर सारवलं, कमळानं पोह्याची तयारी केली, दिव्यानी हिरवी साडी नेसली. दुपार झाली, कोणी आलं नाई. मंग फोन आला, त्याच्या मायचा. "चंद्रपूरपर्यंत ठीक आहे हो, पण पुढचा रस्ता फारच खराब आहे म्हणे. आदेशची कंबर धरलीय. शिवाय कंपनीनं लवकर परत बोलावलंय, उद्या दुपारी त्याची परतीची फ्लाइट आहे. तुम्ही असं करा, मुलीला घेऊन नागपूरलाच या. विमानतळावरच भेटू. तिथं बसायला चांगलं आहे. आदेशचाही वेळ वाचेल."

मी ऐकून राह्यली होती. पोरगी दाखवायले बाजाराचं ढोर आहे का ती? दारावर येऊन पायची रीत आहे. ज्या घरातून पोरगी न्यायची, त्या घरचं एक घोट पाणी तं पेशील का नाई? तेहतीसशे किलोमीटर आला, अन् आमच्या खड्ड्यापुढं तुझी कंबर धरली!

मले वाटलं, आता तरी वामन चिडन. मेंबर आहे, मान आहे. अन् वामन काय म्हणाला?

"चालते, चालते ताई. आम्ही येतो ना. आम्हालेच सोपं पडते."

थू! मी खरंच थुंकली अंगणात. वामननं पाह्यलं अन् तोंड फिरवलं.

पहाटे आम्ही निघालो. वामन, कमळा, दिव्यानी, मी अन् विक्की. तो विक्की कायले आला, देवाले माहीत. कमळानं पोहे करून स्टीलच्या डब्यात भरले, चहाचा थर्मास घेतला. पोरगी पायचा कार्यक्रम अन् पोहे नाईत, हे तिच्या मनाले पटत नव्हतं. अन् वामननं, ऐका बरं, वामननं तो हार घेतला. तीन दिवसांचा हार! झेंडू आतून काळा पडलेला, जीपमधी असा वास सुटला की दिव्यानीनं पदर नाकाले लावला. मी म्हणलं, "फेक तो." वामन म्हणे, "वरून चांगला आहे."

नागपूरच्या विमानतळाच्या आत आम्हाले कोणी सोडलं नाई, आमच्याजवळ तिकीट कुठी होतं? बाहेर, जिथी लोक गाडीतून सामान उतरवतेत, तिथी एका खांबाजवळ आम्ही उभे राह्यलो. बसायले चांगलं होतं ते आत होतं. गाड्या येत होत्या, शिपाई शिट्ट्या वाजवत होता, सामानाच्या ढकलगाड्या आमच्या टोंगळ्याले लागत होत्या. लय वेळानं ते आले. आदेश, त्याची माय, अन् तीन मोठ्या पेट्या. बाप आला नव्हता, त्याचं बीपी वाढलं होतं म्हणे.

वामननं पुढं होऊन आदेशच्या गळ्यात हार घातला.

पोट्ट्यानं नाक आकसलं, हार काढला, ढकलगाडीच्या दांड्यावर टाकला, अन् खिशातून बारकी शिशी काढून हाताले दवा चोळली. दवाई चोळून झाल्यावर त्यानं वामनले नमस्कार केला. आधी नाई, नंतर. मी सारं पाहून राह्यली होती.

कमळानं डबा उघडला. "थोडेसे पोहे खा बेटा. घरून आणले."

"नको आंटी, ऑइली आहे."

माय म्हणाली, "आम्ही येताना कॉफी पिऊन आलोय." अन् तिनं दिव्यानीकडं पाह्यलं, वरून खालपर्यंत. "बेटा, जरा त्या खांबापर्यंत चालून दाखव."

दिव्यानीनं माह्याकडं पाह्यलं. मी दात-ओठ खाऊन उभी. वामन म्हणे, "जा ना, जा बेटा, चाल." अन् माही भाची, बीएस्सी झालेली पोरगी, त्या गर्दीत, पेट्या अन् ड्रायव्हर अन् शिपायाच्या मधातून खांबापर्यंत चालत गेली, अन् चालत मांग आली. एक ड्रायव्हर दात काढून पाहून राह्यला होता. मले त्या बाईचा राग नाई आला एवढा. मले माह्या भावाची किळस आली. सख्ख्या भावाची. देवा, कोणाले अशी किळस येऊ नये.

"पासपोर्ट काढला आहे का?" आदेशनं तिले पयला सवाल हाच विचारला. मंग घड्याळ पाह्यलं.

मी पुढं झाली. म्हणलं, आता माहं काम. "बेटा, मी पोरीची आत्या. आमच्याकडं आत्या रस्ता पायते. मले एवढंच सांग, पयल्या बाळंतपणाले पोरगी माहेरी येते. सातव्या महिन्यात तू तिले कशी आणशील?"

"बाळंतपण तिकडेच होतं आंटी. आणि पोट मोठं झाल्यावर विमानात घेतही नाहीत."

"बरं. अन् तिचा बाप बिमार पडला तं?"

"व्हिडिओ कॉल असतो ना." मंग थोडा विचार करून म्हणे, "सुट्टी दोन वर्षांतून एकदा मिळते. तेव्हा येईल ती माझ्यासोबत. एकटीला पाठवणं कंपनीच्या नियमात बसत नाही, तिथं फार कटकट असते."

"दोन वर्षांतून एकदा," मी म्हणलं. मी वामनकडं वळली. "ऐकलं का वामन? रस्ता दोन वर्षांचा आहे."

तुम्हाले वाटन, आता याचे डोळे उघडले. अजिबात नाई. त्याचं तोंड थोडंसं उतरलं, पण तो त्या बाईकडं पाहून हसला, अन् म्हणे, "बाई जुन्या वळणाची आहे, मनावर घेऊ नका. तसं पाह्यलं तं साडेचार तासच आहेत ना. काई दूर नाई."

अन् विक्कीनं मोबाईल काढला! दाखवून राह्यला त्या आदेशले, "भाऊ, पाहा ना, चंद्रपूर ते कुवेत." आदेशनं पाह्यलंही नाई.

"मग आमच्याकडून होकार समजा," माय म्हणाली. "आदेशला आत जायचंय. मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे पटकन."

दिव्यानी आतापर्यंत पायाच्या अंगठ्याकडं पाहून उभी होती. तिनं मान वर केली. आवाज तिचा शिकवणीतल्या पोरांशी बोलते तसाच, साधा.

"तुम्ही मले पायले निघाले, त्याले किती दिवस झाले?"

आदेश म्हणे, "म्हणजे... कुवेतहून ना? पाच दिवस."

"पाच दिवस," ती म्हणे. "अन् अजून तुम्ही आमच्या घरी पोचलेच नाई."

त्यानं परत घड्याळ पाह्यलं.

"मोबाईलमधी साडेचार तास आहे. ते इथून तिथी जायचे असतीन. पण तुम्ही आमच्या दारापर्यंत नाई येऊ शकले, तुमची कंबर धरली. मंग मले माह्या दारापर्यंत कोण आणून सोडन?" तिनं कमळाच्या हातातून डबा घेतला, झाकण लावलं. "तुम्ही पोचा आधी घरी. पोचले की पोहे करू. आता माहं 'नाई' आहे."

त्या बाईचं तोंड असं झालं, जसं कोणी तिच्या हातावर गोबर ठेवला. "केवढी उद्धट मुलगी!" ती म्हणाली. आदेशनं पेट्यांची गाडी वळवली. दांड्यावरचा तो हार तसाच लटकत गेला, फाटकाजवळच्या शिपायानं त्याले थांबवून हार काढायले लावला, अन् पोट्ट्यानं तो दोन बोटांनी धरून कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्या आख्ख्या दिवसात तेवढंच एक काम त्यानं बरोबर केलं.

वामन मटकन खाली बसला, त्या फुटपाथवर. मले वाटलं, आता पोरीवर हात उचलते. मी मधी जाऊन उभी राह्यली. पण तो बसूनच राह्यला. शिपाई आला, म्हणे इथी बसू नका, तवा उठला.

जीपमधी विक्की पुढं बसून मोबाईलवर काई तरी दाबत होता, मी म्हणलं, "तो खिशात घाल, नाईतं खिडकीतून फेकते." त्यानं घातला. वरोऱ्याच्या पुढं एका झाडाखाली थांबलो अन् पोहे खाल्ले. थंडगार, कडक झालते, तरी साऱ्याइनं खाल्ले. कमळानं वामनच्या पानावर दोनदा वाढले, अन् त्यानं खाल्लेही. तेवढं तिचं मन.

चंद्रपूर सोडलं तं दिवस बुडून राह्यला होता. बल्लारपूरच्या पुढं ट्रकांची रांग लागलेली, समोरचा उलटला होता म्हणे. गाडी बंद करून बसलो. धूळ अशी की श्वास घेववत नव्हता. दिव्यानी माह्या खांद्यावर डोस्कं ठेवून डोळे मिटून होती, पण झोपली नव्हती. मले तिचा श्वास समजते.

मंग वामन समोरच पाहत बोलला. "बाई, तू एटापल्लीले गेलती ना."

"गेलती."

"तिथलं पाणी कसं होतं?"

मले भरून आलं, खोटं कायले सांगू. दिवसभराची किळस एकदम उतरली. पण मी सहजासहजी सोडणारी नाई. "मले काय विचारते," मी म्हणलं, "जिले प्यायचं आहे तिले विचार."

वामन मांग वळला. मेंबर झाल्यापासून पयल्यांदा मान वळली त्याची. "दिव्यानी, बेटा," तो म्हणे, "तुले काय वाटते?"

दिव्यानीनं डोळे उघडले नाई.

"बाबा," ती म्हणाली, "पयले घरी तं पोचू द्या."